भुईचाफ्याची जागा

९ मे, शनिवार. काम : माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचं स्वयंपाकघर खोक्यांत भरणे. सोमवारी सकाळी व्हॅन येणार होती. कार्डिफमधलं हे घर, ज्यात त्यांनी सारी नोकरी आणि निम्मं म्हातारपण काढलं, ते दुसऱ्या कुणाचं तरी होणार होतं आणि ते स्वतः साउथहॅम्प्टनला मुलगा-सुनेकडे राहायला जाणार होते. सून म्हणजे माझी मावसबहीण. तिला रजा नव्हती, तिच्या नवऱ्याला वेळ नव्हता, आणि मी कार्डिफमध्येच राहते. शिवाय मी हॉस्पिटलात बेड मॅनेजर आहे, म्हणजे कुणाला कुठून उचलून कुठे ठेवायचं यावरच माझं पोट चालतं, तेव्हा हे काम माझंच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला डब्यांची काळजी नव्हती. डबे काय, भरले जातातच. त्यांनी काढायला घेतलेल्या एका चित्रात वर्षानुवर्षं एक जागा रिकामी होती, आणि व्हॅन यायच्या आत ती भरते की नाही, एवढाच त्या घरातला खरा प्रश्न होता.

या माणसाबद्दल एका वाक्यात सांगायचं तर असं सांगेन : अख्ख्या ब्रिटनमध्ये फुलांवर इतकं प्रेम करणारा आणि फुलांना इतका त्रास देणारा दुसरा माणूस सापडायचा नाही.

मी त्यांना काका म्हणते. ते मला मेट्रनबाई म्हणतात, कारण मी नर्स म्हणून इथे आले तेव्हापासून ते मला ओळखतात आणि तेव्हापासून मी त्यांच्यावर ओरडते आहे. काका आमच्याच हॉस्पिटलच्या तळघरात पॅथॉलॉजिस्ट होते. जिवंत पेशंट त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. त्यांच्याकडे माणसं यायची ती काचपट्टीवर, पातळ काप होऊन, गुलाबी-जांभळ्या रंगात. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काकूंबरोबर बाजारात गेले असताना पाऊस आला, म्हणून दोघं म्युझियममध्ये शिरले. आत एका भिंतीवर जुनं डच चित्र होतं. काळी पार्श्वभूमी, दगडी कट्टा, त्यावर फुलदाणी आणि फुलदाणीत मावणार नाहीत इतकी फुलं. काकू पुढे जाऊन सगळी दालनं बघून, चहा पिऊन परत आल्या, तरी काका तिथेच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि नाक चित्राला टेकायचंच बाकी होतं. "अगं, हे बघ," ते म्हणाले, "या ट्यूलिपला इन्फेक्शन झालंय."

आणि ते खरं होतं. पांढऱ्यावर लाल ज्वाळांसारख्या रेघा असलेली ती ट्यूलिपं, ज्यांच्यासाठी त्या काळी हॉलंडमध्ये लोक वेडे झाले होते, ती मुळात आजारी असत. विषाणूमुळे रंग फुटायचा, आणि कंद दर वर्षी थोडा थोडा खंगत जायचा. चित्रकाराला हे माहीत नव्हतं. पण त्याने जे दिसलं ते इतकं इमानाने काढलं होतं की काकांना इतक्या शतकांनंतर निदान करता आलं. त्या दिवसापासून काकांची ओपीडी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा ते त्या दालनात जात. गुलाबाच्या पानावरचे काळे डाग बुरशीचे, हे कुरतडलेलं पान अमक्या अळीचं, ही माशी नर आहे, या मुंगीचे पाय मात्र चित्रकाराने घाईत उरकले आहेत. "त्या वेळी चित्रकार आणि शास्त्रज्ञ यांची दुकानं वेगळी झाली नव्हती, मेट्रनबाई," ते मला सांगत. "एकाच गल्लीत एक जण भिंगं घासतोय, एक जण अळ्या पाळतोय, एक जण फुलं रंगवतोय, आणि तिघंही संध्याकाळी एकमेकांकडे बघायला जातात की आज काय दिसलं." त्या गल्लीत आपलं घर असायला हवं होतं, हे ते बोलत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

म्युझियमची राखण करणारी एक वेल्श बाई होती. तिचं आणि काकांचं पहिले काही महिने जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून युद्ध चाललं. काका भिंग घेऊन पट्टी ओलांडत, ती खुर्चीतून उठे. "डॉक्टर, लव्ह, बिहाइंड द लाइन." काका म्हणत, "मॅडम, पेशंट तिकडे आहे." शेवटी तिने त्यांना एक घडीची खुर्ची आणून दिली, पट्टीच्या अलीकडे मांडून, आणि काकांनी पक्षी बघायची दुर्बीण आणली. चित्रातल्या गोगलगाईकडे दुर्बिणीतून बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढे शाळेच्या सहली आल्या की तीच बाई पोरांना सांगू लागली, "त्या आजोबांना विचारा, ते डॉक्टर आहेत फुलांचे."

हे सगळं म्युझियममध्येच राहिलं असतं तर मला लिहायला काही नव्हतं. पण काका ही दृष्टी घेऊन घराबाहेर पडत. कुणाकडे जेवायला गेले आणि टेबलावर सुपरमार्केटमधला गुच्छ दिसला, की यजमानीणबाईंना फुलांच्या तब्येतीचा अहवाल मिळे, तोही वरण वाढताना. एकदा मँचेस्टरला ओळखीच्या मंडळाच्या गणपतीला आम्ही सगळे गेलो होतो. आरती चालू, टाळ वाजताहेत, आणि काका मूर्तीजवळ वाकून एक जास्वंद उलटसुलट करून बघताहेत. आरती संपल्यावर त्यांनी जाहीर केलं, "याला पुंकेसरच नाहीत. हे कुठल्या कुळातलं?" तिथे स्वयंसेवक म्हणून उभी असलेली, इथेच जन्मलेली एक मुलगी बिचारी ओशाळून म्हणाली, "काका, तो फूल फेक आहे. ऑनलाइन घेतला." काका म्हणाले, "फेक असलं म्हणून काय झालं? प्लॅस्टिकला काही शिस्त नको?" मग त्यांनी त्या मुलीला कागदी नॅपकिनवर जास्वंदीचा आडवा छेद काढून दाखवला. प्रसादाची रांग थांबली. ती मुलगी आता वनस्पतिशास्त्र शिकते असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती अकाउंटंट झाली.

नुसतं बघण्यावर काकांचं भागेना तेव्हा त्यांनी स्वतः काढायला घेतलं. हात चांगला होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघून बघून आकृत्या काढायची सवय होती. डच लोक ओकच्या फळीवर काढत, म्हणून काकांनाही ओकच हवा. बाजारातल्या फळ्या त्यांना पटेनात. एक दिवस काकू दुकानातून परत आल्या तो स्वयंपाकघरातल्या मसाल्यांच्या कपाटाला दार नाही. दार वर खोलीत, घासून गुळगुळीत होऊन, भिंतीला टेकून उभं. काकू म्हणाल्या, "निदान सिंकखालचं तरी घ्यायचं होतंत. आता येणारा-जाणारा माझे डबे बघणार." ते कपाट पुढे तसंच राहिलं. घर विकायला काढलं तेव्हा एजंटने जाहिरातीत "ओपन शेल्व्हिंग" असं लिहिलं, आणि काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी आणखी एखादं दार काढायची तयारी दाखवली. मी स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

आता त्या चित्राचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावर आहे. डच फुलदाणीतली फुलं खऱ्या फुलदाणीत कधीच एकत्र येऊ शकत नाहीत. ट्यूलिप वसंतातलं, गुलाब उन्हाळ्यातला, आणखी काही पार शरद ऋतूतलं. चित्रकार ज्या त्या मोसमात जे ते फूल समोर ठेवून त्याचा अभ्यास करत आणि मग सगळी मिळून एक अशी फुलदाणी भरत, जी कुणाच्याही टेबलावर कधीच नव्हती. काकांनी यात स्वतःची एक भर घातली. त्यांनी वेगळे अभ्यास वगैरे केले नाहीत. त्यांनी फळीवर आधी सगळ्या गुच्छाची रेखाकृती केली आणि प्रत्येक फुलाची जागा मोकळी ठेवली. फूल यायचं, ते समोर ठेवायचं, त्याची जागा भरायची, आणि पुढच्या फुलाची वाट बघायची. स्नोड्रॉप फेब्रुवारीत बसला. मग डॅफोडिल, मग ट्यूलिप. फॉक्सग्लव्ह शेजाऱ्याच्या कुंपणातून. मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, काकूंनी जगवलेली आपल्याकडची फुलंही त्यात होती : मोगरा, अबोली, गोकर्ण. एखादं फूल चुकलं की ती जागा आणखी एक वर्ष पांढरी. "फोटोवरून काढा ना," मी म्हटलं होतं, एकदाच. "फोटोवरून काढलेलं फूल म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल," काका म्हणाले. "तसले मी जन्मभर लिहिले. आता नाही."

किडेसुद्धा जिवंतच हवेत. ते एका जागी बसत नाहीत, म्हणून काका त्यांना फ्रिजमध्ये ठेवत. थंडावले की जरा वेळ शांत बसतात, मग ऊब लागली की उडून जातात, त्यांचं काही बिघडत नाही. पण दुसऱ्याचं बिघडतं. मी एकदा त्यांच्याकडे श्रीखंडाचा डबा हौसेने उघडला आणि त्यातून एका गांधीलमाशीने माझ्याकडे, झोपमोड झालेल्या माणसासारखं, बघितलं. तेव्हापासून काकू डब्यांवर चिकटपट्टी लावून "खाऊ नये" असं लिहू लागल्या.

काकूंबद्दल लिहिल्याशिवाय काकांबद्दल लिहिता येत नाही. काकू वेंगुर्ल्याकडच्या, लग्नाआधी कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. इथे आल्यावर एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाल्या आणि त्याबद्दल कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. काकांच्या फुलांच्या ज्ञानापैकी निम्मं त्यांच्याकडून घेतलेलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्याशी भांडून मिळवलेलं. चित्रातली सगळ्यात खालची जागा, दगडी कट्ट्यावरची, तळहाताएवढी, काकूंनी मागून घेतली होती. ती भुईचाफ्याची. "तो फुलदाणीत राहायचाच नाही," त्या म्हणायच्या, "त्याला देठ कुठाय? तो खालीच शोभतो." मग त्या सांगायच्या, की त्यांच्या परसात, पाऊस यायच्या आधी, कोरड्या ठणठणीत मातीतून, पान नाही, काही नाही, आणि एकदम फूल. सकाळी उमलायचं, संध्याकाळी मलूल. त्या दिवसांत परसात पाय बघून टाकावा लागे. काका सोलापूरचे. पानाआधी, देठाशिवाय, जमिनीतून सरळ फूल येतं ही गोष्ट त्यांना सासुरवाडीची बढाई वाटायची.

पण खरा वाद पुढेच होता. काकू म्हणायच्या, त्या फुलात ज्या मोठ्या दिसतात, पांढऱ्या आणि जांभळ्या, त्या पाकळ्या नव्हेतच. ते पुंकेसर आहेत. पराग करायचं सोडून पाकळ्यांचं सोंग घेतलेले. खऱ्या पाकळ्या मागे असतात, अरुंद, कुणी बघत नाही अशा. काका म्हणायचे, "पुरावा?" काकू म्हणायच्या, "फूल आलं की उघडून बघा." मी एकदा शहाणपणाने म्हटलं, "पुस्तकात बघा की." तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पत्त्यांच्या डावात मध्येच सगळ्यांची पानं उघडी करून टाकली.

काकूंनी इथल्याच एका नर्सरीवाल्याकडून लॅटिन नावाने कंद मागवला. आल्यासारखा दिसणारा, खाली पांढरे मणी लोंबणारा. तो कुंडीत लागला, उन्हाळ्यात पानंही सुंदर आली, पण फूल काही येईना. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त एका माणसाला पटत नव्हतं. हा कंद हिवाळाभर कोरड्या मातीत झोपलेला असतो. त्याला उबेत, न हलवता, पाण्याशिवाय पडू द्यायचं असतं. आणि जन्मभर तळघरात काप तपासलेला हा माणूस दर मार्चमध्ये कुंडी उकरून कंदाची बायॉप्सी करायचा. पातळ काप घ्यायचा, रंग द्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, "विकृती काही नाही." काकू लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "अहो, विकृती कुंडीत नाहीच आहे. कुंडीबाहेर आहे."

तीन हिवाळ्यांमागे काकू गेल्या. आजार लहानसाच होता, पण तो अचानक मोठा झाला. काकांनी सगळं व्यवस्थित केलं, सगळ्यांना चहा विचारला, आणि नंतर म्युझियममध्ये जाणं बंद केलं. मार्चमध्ये मी डबा घेऊन गेले, तर ते कुंडी उकरत बसले होते. काप घेतला, रंग दिला, बघितला. मग बाहेर येऊन म्हणाले, "विकृती काही नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि थोडा वेळ थांबले. तिथून उत्तर आलं नाही. मी पोळ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून आले. असल्या वेळी काय बोलतात ते मला येत नाही.

मला कामं येतात. गेल्या शरदात घर विकायचं ठरलं तेव्हा मी ती कुंडी उचलली आणि माझ्या घरी, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, टॉवेलांच्या खालच्या फळीवर ठेवून दिली. "मेट्रनबाई, हे अपहरण आहे," काका दारात उभे राहून म्हणाले. मी म्हटलं, "दाखल करून घेतलंय. भेटायची वेळ नाही." मग दर रविवारी फोन.

"पेशंट कसा आहे?"

"झोप लागलीय."

"पाणी?"

"तोंडाने काही द्यायचं नाही."

"जरा ओलावा तरी... नुसतं बोट बुडवून..."

"काका, वॉर्ड कुणाचा?"

"तुझा," ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पण पुढच्या रविवारी पुन्हा. मध्ये एकदा ते काही कारण नसताना आमच्याकडे आले, हात धुवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी जाऊन बघितलं, तर त्या कपाटाच्या बंद दारासमोर नुसते उभे. उघडलं नव्हतं. ती मात्र मी त्यांची कमाल मानते.

एप्रिलमध्ये मी कुंडी स्वयंपाकघरातल्या खिडकीत आणली, चमचाभर पाणी सुरू केलं. मे लागला तसं मातीतून एक टोक वर आलं. मी फोनवर काही सांगितलं नाही. बेड मोकळा झाल्याशिवाय मी कुणालाच आशा लावत नाही. शनिवारी, नऊ तारखेला, मी सकाळी चहा टाकायला खाली आले, तर सपाट काळ्या मातीवर, कुणी वरून अलगद आणून ठेवावं तसं, फूल. पांढरं, वर उभं, आणि खाली जांभळी दुभंगलेली जीभ. चहा तसाच राहिला. कुंडी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला आणि वर्तमानपत्रांची रद्दी मागे टाकून निघाले.

काका ड्रेसिंग गाऊनमध्ये एका खोक्यावर बसले होते. मी कुंडी ओट्यावर ठेवली. पुठ्ठ्यांच्या कोरड्या वासात एक गार, ओला वास मिसळला. काका उठले, जवळ आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत राहिले. मी डबे गुंडाळायला घेतले. हळदीचा झाला, मोहरीचा झाला, डाळींचे सगळे झाले, तरी ते तसेच.

"काका, संध्याकाळी मलूल होणार ते. रंग काढा."

"थांब गं."

"रंग मी गुरुवारीच भरलेत. कुठलं खोकं ते बघते..."

"सोफ्यामागे आहेत," ते म्हणाले. "मी परत काढून ठेवले होते." एवढ्या आशेवर बसलेल्या माणसाला मी आठवडाभर काही सांगितलं नव्हतं, पण रंग काढून ठेवल्याचं त्यांनीही मला सांगितलं नव्हतं, म्हणजे फिटंफाट झाली.

कपाटाचं दार, म्हणजे चित्र, मी वरून खाली आणलं आणि खिडकीपाशी टेकवलं. कितीतरी मोसमांची फुलं एका फुलदाणीत, सगळी ताजी, आणि खाली कट्ट्यावर ती तळहाताएवढी पांढरी जागा. काका रंगवायला बसले. दुपारी मी कोपऱ्यावरून चिप्स आणल्या, कारण भांडी सगळी खोक्यांत गेली होती; त्यांनी डाव्या हाताने खाल्ल्या. मधूनमधून म्हणायचे, "तुझा तो कागद फार वाजतो." मी कागद हळू वाजवू लागले. एकदा म्हणाले, "देठ नाही. खरंच नाही." मग बऱ्याच वेळाने, "पान पण नाही." कुणाला सांगत होते ते मी विचारलं नाही.

संध्याकाळकडे फुलाच्या कडा आत वळायला लागल्या तेव्हा जागा भरून झाली होती. मला चित्रातलं कळत नाही. पण कट्ट्यावर पडलेलं ते फूल आताच कुणीतरी ठेवून गेलं असावं असं दिसत होतं. काकांनी ब्रश पुसला आणि माझ्याकडे चिमटा मागितला. मलूल झालेलं फूल त्यांनी बशीत घेतलं, खिडकीच्या उजेडात भिंगाखाली एकेक भाग सोडवला. पांढरा, पांढरा, जांभळा. मागे, अगदी मागे, अरुंद, पारदर्शक, कुणी बघू नये अशा तीन खऱ्या पाकळ्या निघाल्या. काकांनी त्या बशीच्या काठावर ओळीने मांडल्या.

"हरलो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बरं झालं. एक काम संपलं."

"संपलं ना," ते म्हणाले. "वाद चालू होता गं. ती गेल्यावरसुद्धा चालू होता. रोज सकाळी मी तिला एक मुद्दा काढून द्यायचो. आता कशावर बोलायचं?"

मी वाट्या गुंडाळत होते. त्या पुन्हा सोडल्या आणि पुन्हा गुंडाळल्या. दिवसभर पुरेल असा तो वाद त्यांनी माझ्यासमोर खाली ठेवला होता, आणि साउथहॅम्प्टनला मुलाच्या फ्लॅटमध्ये ते सोमवारपासून काय उचलणार होते, हे मला दिसत नव्हतं.

ते चित्राकडे वळले. मग एकदम पुढे वाकले. "मेट्रनबाई, यावर किडा कुठला बसतो?"

"मला काय माहीत?"

"तिला माहीत असणार. मी विचारलंच नाही. पाकळ्यांवरच भांडत बसलो." ते उठून ओट्यापाशी गेले, परत आले. "काहीतरी येतच असणार. इतका वास आहे, तो कुणासाठी तरी असणार ना? आणि एवढी सोंगं घेतलीत ती कुणाला तरी बोलवायलाच ना?"

"वेंगुर्ल्यात येत असेल. इथे कोण येणार त्याला?"

"इथलं कुणीतरी येईल."

"इथला किडा चालेल तुम्हाला?"

"इथला तर इथला," काका म्हणाले. "पुढच्या मेमध्ये कुंडी बाहेर उन्हात ठेवून बघायला हवं, कोण येतं ते." आणि त्यांनी लहान चाकू घेतला, नुकत्याच रंगवलेल्या जांभळ्या भागावर, ओल्या रंगातच, ज्वारीच्या दाण्याएवढी जागा अगदी हलक्या हाताने खरवडून पांढरी केली. दिवसभराची मेहनत होती. ते मात्र मागे सरून, मान तिरकी करून, समाधानाने बघत होते. मग म्हणाले, "मला वाटतं, भुंगा नसणार. ती म्हणाली असती, भुंगाच."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला, मी साउथहॅम्प्टनला मावसबहिणीला फोन केला.

"अगं, रविवार आहे," ती म्हणाली. "बाबांना काही झालं का?"

"काही नाही. तुमच्याकडे दक्षिणेला तोंड असलेली, बाल्कनीची खोली कुठली?"

"ती यांचं ऑफिस आहे. बाबांना मागची दिलीय, शांत आहे, रस्त्याचा आवाज येत नाही. का गं?"

"मागच्या खोलीत ऊन येतं?"

"नाही फारसं. पण हीटिंग चांगलंय."

"मग ऑफिस मागे ने आणि काकांना पुढची दे. आज. उद्या व्हॅन येईल."

"अगं पण यांची डेस्क, दोन दोन स्क्रीन..."

"नवरा घरात आहे ना? उठव त्याला. आणि टेप घेऊन बाल्कनी मोज, मी फोनवर आहे. कुंडी मावायला हवी, आणि कुंडीसमोर एक खुर्ची."

ती काहीतरी पुटपुटली. मग पावलं, एक दार, आणि झोपेतल्या पुरुषाचा आवाज. मी चहा ओतून घेतला आणि फोन कानाला धरून, ती टेप घेऊन येईपर्यंत, थांबले.